आजोबांच्या ट्रंकेतला सुरा: शिक्का सगळ्यात शेवटी वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका घरात जुनी लोखंडी ट्रंक उघडली आणि तिच्यात काळपट, दोन्ही बाजूंनी धार असलेला सुरा निघाला. पातं सातेक इंचांचं. मूठ धातूची, तिच्यावर एकाखाली एक कड्या. मुठीखालच्या आडव्या पट्टीवर इंग्रजीत ‘इंग्लंड’ एवढंच कोरलेलं. सोबत तपकिरी चामड्याचं म्यान. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले, आणि हा ‘कमांडो सुरा’ त्यांनी लढाईतून आणला असं घरात सांगत आलेत. नातवाला तीन गोष्टी हव्या आहेत: हा ओरिजिनल आहे का, किंमत किती येईल, आणि गंज काढून चकचकीत करून घेऊ का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तेवढंच घाईचं आहे. नको. पॉलिश पेपर, चिंच-मीठ, बफिंगवाला, काहीही नको. कारण पुढे येईल.

आता पहिला प्रश्न. ‘ओरिजिनल आहे का’ असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल असं वाटतं, पण अशा वस्तूंच्या चार जाती असतात. युद्धाच्या काळात बनलेली. युद्धानंतर त्याच किंवा तशाच कारखान्यात रीतसर बनलेली. हौशी लोकांसाठी उघडपणे केलेली नक्कल. आणि फसवण्यासाठी केलेली बनावट. दुसऱ्या जातीची वस्तू खोटी नसते, फक्त युद्धातली नसते. घरोघरी जी भांडणं होतात ती बहुतेक या दुसऱ्या जातीवरून. तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा आहे की घरातली गोष्ट आणि हातातली वस्तू एकमेकींशी जुळतात का.

माझं काम आयुष्यभर टूलरूममधलं, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनतात तिथलं. डाय, साचे, जिग-फिक्श्चर. सुऱ्या-संगिनींचा नाद तिथूनच लागला, आणि म्हणून माझी पद्धतही तीच आहे: वस्तू कशी बनली ते आधी वाचायचं, तिच्यावर काय लिहिलंय ते शेवटी. शिक्का ठोकायला एक पंच आणि एक हातोडी पुरते. अख्खा सुरा १९४३ सालच्या मशिनवर, १९४३ सालच्या घाईनं बनवणं फार अवघड.

तुम्ही वर्णन केलेला नमुना फेअरबर्न-साइक्स सुऱ्याचा आहे. विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स हे दोघे शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांतले. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनच्या कमांडोंना शिकवायला आले, आणि १९४० च्या नोव्हेंबरात लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीत बसून त्यांनी हा सुरा ठरवला. पहिले पन्नास नग जानेवारी १९४१ मध्ये तयार झाले. पुढे त्याचे तीन नमुने मानले जातात, आणि ते का बदलले हे लक्षात आलं की ओळखायला पाठांतर लागत नाही.

पहिल्या नमुन्याची आडवी पट्टी इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते. पातं मुठीला भेटतं तिथे बोटाच्या पेरापेक्षा कमी लांबीचा सपाट तुकडा सोडलेला असतो, आणि त्यावर आम्लानं कोरलेली अक्षरं: एका बाजूला कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला सुऱ्याचं. मूठ पितळेची, कातून काढलेली, वर चौकटीचौकटीची खवल, आणि त्यावर निकेल. आता हे सगळं युद्धात हजारोंनी काढायचं म्हणजे किती कामगार आणि किती तास! म्हणून १९४२ मध्ये दुसरा नमुना आला. पट्टी सरळ झाली, सपाट तुकडा गेला, धार थेट मुठीपर्यंत. मूठ मात्र अजून पितळेची आणि खवल्यांची. मग १९४३ च्या ऑक्टोबरात तिसरा. पितळ बाद, कातकाम बाद. जस्ताच्या मिश्रधातूची मूठ सरळ साच्यात ओतायची, आणि खवल्यांऐवजी कड्या. तुमचा सुरा याच घराण्यातला. घराणं कळलं, पण साल अजून कळलं नाही, कारण तिसरा नमुना युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षं बनत राहिला. दुकानांत विकला गेला, परदेशी गेला, आठवण म्हणून टेबलावर पत्रं फोडायलासुद्धा गेला.

आणि इथे ती ‘इंग्लंड’ची अक्षरं आडवी येतात.

सैन्याच्या ऑर्डरीवर बनलेल्या वस्तूला देशाचं नाव सांगायची गरज नसते. सरकारच घेणारं, सरकारच तपासणारं. तिथे सापडतो तो सरकारी मालमत्तेचा बाण, तपासनिसाचा आकडा, किंवा काहीच नाही. देशाचं नाव लागतं ते निर्यातीला. अमेरिकेत तर १८९० च्या दशकापासून आयात मालावर मूळ देशाचं नाव असणं कायद्यानंच बंधनकारक होतं. त्यामुळे पट्टीवर ‘इंग्लंड’ आणि मुठीवर कड्या असं दिसलं की संग्राहक तो सुरा युद्धोत्तर व्यापारी मालात धरतात. पात्यावर शेफिल्डच्या एखाद्या कटलरीवाल्याचं पूर्ण नाव असेल, किंवा कड्यांच्या मुठीच्या सुऱ्यावर ‘फायटिंग नाइफ’ असं नक्षीदार कोरलेलं असेल, तर शंका उरत नाही. पात्याच्या दोन्ही बाजू उजेडात तिरप्या धरून बघा, अक्षरं पुसट असतात.

पण मीच म्हटलं की शिक्का शेवटी वाचायचा. तेव्हा आधी हे बघा.

मुठीचं वरचं टोक भिंगातून बघा. टोकाच्या नटाजवळ १ ते ४ पैकी एखादा बारीक, उठावाचा आकडा आहे का? युद्धातल्या तिसऱ्या नमुन्यावर तो बरेचदा सापडतो. हा साच्याचा आकडा. आम्हीही साच्यातल्या प्रत्येक खणाला नंबर घालायचो, म्हणजे एखाद्या खणातून खराब माल यायला लागला की नेमका कुठला खण दुरुस्त करायचा ते कळतं. लक्षात घ्या, तो ठोकलेला खोलगट आकडा नसतो, ओतताना वर आलेला असतो. हा फरक बनावटवाल्यांना कळत नाही.

मग पातं. टोकाकडून मुठीकडे डोळा लावून बघा, सुतार फळी बघतो तसं. या पात्याचा छेद शंकरपाळ्यासारखा: मधोमध कणा आणि दोन्हीकडे उतार. युद्धातली पाती माणसानं हातानं दगडावर धरून घासलेली आहेत, त्यामुळे कणा किंचित सरकतो, चार उतार तंतोतंत सारखे नसतात. रेघ मारल्यासारखा सरळ कणा आणि चारही बाजू एकसारख्या असतील तर ते मशिनचं काम, म्हणजे अलीकडचं. उलट कणा अगदीच दारूड्यासारखा चालला असेल तर तीही शंकाच, कारण तिथले कारागीर घाईत असले तरी कारागीर होते. टोक मोडून पुन्हा घासलेले सुरे खूप सापडतात, त्यामुळे लांबी थोडी कमी भरली म्हणून नाउमेद होऊ नका.

आता शिक्का. भिंग घ्या आणि अक्षराच्या तळाशी बघा. कारखान्यात शिक्का आधी मारतात आणि काळेपणा नंतर चढवतात, म्हणून खऱ्या वस्तूत अक्षराच्या आतही तोच रंग, तोच काळ. नंतर मारलेल्या शिक्क्यात तळ उजळ दिसतो, किंवा त्यात भरलेला काळा रंग सुईनं निघतो, आणि कडेला धातूची ताजी वरंबी उठलेली असते. सरकारी बाण तर इतका सोपा आणि इतका फायद्याचा की बाजारात बाण नसलेला सुरा मिळणं मुश्किल झालंय. गंमत अशी की खऱ्या युद्धकालीन सुऱ्यांपैकी कितीतरी अगदी कोरे आहेत, एकही खूण नाही. बाण नाही म्हणून खोटा ठरवू नका, आणि बाण आहे म्हणून खरा तर मुळीच ठरवू नका.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतोय, पण शिकलो ते पैसे घालवून. नव्वदच्या दशकात पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी मला एस-पट्टीचा पहिला नमुना दिसला. मुठीवर खवलं, पात्यावर लंडनच्या कंपनीचं नाव. हात थरथरले. विकणारा म्हणाला, एका मेजरच्या घरातून आलाय. पैसे मोजले आणि बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आलो. पुढे वर्षभरानं एका जाणत्या संग्राहकाकडचा खरा नग हातात घेतला आणि घरी येऊन माझाच सुरा पुन्हा बघितला. खवल्यांची टोकं बोथट होती. खरी खवलं हत्यारानं काढलेली असतात, बोटाला टोचतात. माझी ओतलेली होती. टूलरूमच्या माणसाला कातलेलं आणि ओतलेलं यातला फरक दिसू नये! मग व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजायची सरकपट्टी, लावली. पितळ थंड होताना फुटामागे साधारण दीड सूत आकसतं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कुणी खऱ्या मुठीवरून साचा घेऊन नवी ओतली की ती तेवढी लहान भरणारच. चार इंचांच्या मुठीत फरक पडतो अर्धा सूत. माझ्याकडे बरोबर अर्धा सूत कमी होता. तो सुरा मी अजून ठेवलाय, नवीन पोरांना शिकवायला. (जस्ताच्या मुठीला ही युक्ती तितकी लागू पडत नाही, ती फार कमी आकसते.)

‘मेजरच्या घरातून आलाय’ हे वाक्य ऐकून मी पाकीट काढलं, हा माझा खरा गुन्हा. गोष्ट विकत घेतली आणि सुरा फुकट मिळाला.

म्हणून आता तुमच्या घरातल्या गोष्टीकडे येतो, जरा जपून. आजोबा ब्रह्मदेशात होते यावर मी शंका घेत नाही. कमांडो सुरा त्यांच्या हाती येणं अशक्यही नव्हतं. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला ५० व्या इंडियन पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली होती, आणि अशा ठिकाणी सामानाची अदलाबदल होतेच. पण साध्या पायदळाच्या जवानाला हा सुरा सर्रास मिळत नसे. त्याच्याकडे रायफल, तिची संगीन आणि खिशातला घडीचा चाकू. शिवाय ‘इंग्लंड’ची अक्षरं सांगतात की हा नग बहुधा युद्धानंतरचा. मग आजोबा खोटं बोलले का? मला तसं वाटत नाही. असं किती घरांत बघितलंय: आजोबा लढाईत होते हे खरं, सुरा आजोबांचा हेही खरं, आणि या दोन खऱ्या वाक्यांमध्ये ‘लढाईतून आणलेला’ हे तिसरं वाक्य नातवंडांनी घातलेलं. ते कधी निवृत्त झाले बघा. पन्नासच्या दशकात नोकरीत असतील तर एखाद्या साहेबानं जाताना दिलेला असू शकतो, किंवा बाजारातून हौसेनं घेतलेला.

आपल्याकडे जुन्या ट्रंकांमधून खरोखर काय निघतं तेही सांगतो, कारण त्याच ट्रंकेच्या तळाशी अजून काही असलं तर ते फेकू नका. सगळ्यात जास्त निघते संगीन. ली-एनफील्ड रायफलीची १९०७ ची संगीन मुळात सतरा इंची पात्याची. युद्धात भारतात ती बारा इंचांची करून वापरली, आणि ईशापूरच्या कारखान्याचा आर-एफ-आय असा शिक्का आणि साल तिच्यावर सापडतं. लोक तिला कट्यार, जांबिया, काहीही म्हणतात. कऱ्हाडच्या एका वाड्यात मला ‘शिवकालीन’ म्हणून दाखवली होती, दसऱ्याला पूजा व्हायची. ओळखायची खूण सोपी: आडव्या पट्टीला रायफलीच्या टोकाशी बसायला गोल भोक, आणि मुठीच्या टोकाला खाच व दाबायचं बटण. ज्याला भोक आणि खाच आहे ते रायफलीला बसायचं हत्यार. मी वाडेकरांना सांगितलं आणि लगेच पश्चात्ताप झाला, कारण आजींचा चेहरा उतरला. पूजा अजून चालू आहे असं ऐकतो, छानच आहे.

दुसरी कुकरी. हिच्यात सरकारी आणि बाजारी हा भेद मुठीत असतो. फौजेच्या कुकरीत पात्याचं शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जातं आणि आडव्या रिव्हेटांनी पक्कं केलेलं असतं. गावठी पद्धतीत आखूड शेपूट तापवून लाखेत बसवतात. सरकारी नगावर बाण आणि त्याखाली इंडियाचा आय, शिवाय ४३, ४४ असे सालाचे दोन आकडे सापडतात. सिंहाच्या तोंडाची पितळी मूठ असेल तर ती पर्यटकांसाठीची, कितीही जुनी दिसली तरी.

ब्रह्मदेशातून परतलेल्यांकडे कधीकधी जपानी संगीन असते, सुमारे चाळीस सेंटिमीटरच्या लांब पात्याची, मुठीजवळ कारखान्याचं छोटं चिन्ह. ही खरोखर ‘लढाईतून आणलेली’ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण ती इकडे बाजारात विकत मिळत नव्हती. अमेरिकन चाकू क्वचित: चामड्याच्या चकत्या ओवून केलेली मूठ, सात इंची पातं. त्याला सगळे का-बार म्हणतात, पण तो चाकू अनेक कंपन्यांनी बनवला, का-बार हे त्यातल्या एकीचं छाप-नाव. कोकणातल्या दमट हवेत त्या चकत्यांची माती होते, त्यामुळे चांगल्या स्थितीतला मी इकडे दोनदाच पाहिला.

किंमत. फोटोवरून आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहा, मी धरून. क्रम मात्र सांगता येतो: पहिला नमुना सगळ्यात वर, दुसरा त्याच्या बराच खाली, युद्धकालीन तिसरा त्याहून खाली, आणि युद्धोत्तर ‘इंग्लंड’वाला त्याच्या एका भागाइतका. याच्यावर स्थिती आणि म्यान. म्यानाच्या कडेला शिवलेले चार चामडी कान असतात, सुरा गणवेशाला शिवून टाकण्यासाठी. जवान ते बहुधा कापून टाकत, म्हणून चारही कान शाबूत असले तर भाव वाढतो. पण म्यान बदललेलं असू शकतं, तेव्हा म्यानावरून सुऱ्याचं वय ठरवू नका.

आणि आता साफसफाईचं कारण. पात्यावरचा काळा लेप हाच त्या सुऱ्याचा अर्धा पुरावा. रात्री चकाकू नये म्हणून तो चढवलेला. तो घासला की शिक्क्याच्या तळाचा रंग, हातघाशीच्या रेषा, सगळं गेलं, आणि मग माझ्यासारख्यालाही काही सांगता येत नाही. शिवणयंत्राचं तेल सुती फडक्यावर घ्या आणि पुसा. तांबडा, भुसभुशीत गंज असेल तिथे तेलाचा थेंब रात्रभर ठेवून बांबूच्या कामटीनं अलगद काढा. काळसर, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या. सुरा म्यानात ठेवू नका. चामड्यातलं आम्ल पातं खातं आणि पितळेला हिरवा कळंक चढतो. दोन्ही शेजारी शेजारी, जुन्या धुतलेल्या सुती कापडात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघायचं.

कायद्याचं थोडक्यात, कारण हे कुणी विचारत नाही आणि विचारायला हवं. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं एका वर्गात घातली आहेत. घरगुती, शेतीची अवजारं वगळून. तुमचं पातं सात इंचांचं, पण संगीन आणि कुकरी त्यात सहज येतात. घरात ठेवायला परवाना लागतो की नाही ते तुमच्या भागाला तशी अधिसूचना लागू आहे का यावर ठरतं, म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा वकिलाला विचारा. बाहेर घेऊन फिरणं, मिरवणुकीत काढणं, हे करू नका, तिथे जमावबंदीसारखे आदेशही लागू असतात. पहिल्या महायुद्धातली वस्तू असेल तर आणखी एक: शंभर वर्षं उलटलेल्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, परदेशी पाठवता येत नाही.

तर पुढचं पाऊल. मुठीचं टोक, आडवी पट्टी दोन्ही बाजूंनी, पात्याचा मुठीजवळचा इंचभर भाग, आणि टोकाकडून कण्याच्या रेषेत, असे चार फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश नको. मूठ किती लांब ते व्हर्निअरनं मोजा, पट्टीनं नको. आणि ट्रंक पुन्हा एकदा रिकामी करा. आजोबांचं डिस्चार्ज बुक तळाच्या कागदाखाली असण्याचा संभव आहे. नसेल तर आर्मी नंबर आणि नाव देऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. कुठल्या साली ते कुठल्या बटालियनमध्ये होते आणि घरी कधी आले, हे सुऱ्याला विचारून कळणार नाही, त्या कागदातच मिळेल.